नाक्यावर जयाचा फोटो

ज्वारी जुनी निघाली की पिठाला विरी राहत नाही. भाकरी थापतानाच कडेने चिरते आणि तव्यावर टाकायला उचलली की हातात मोडते. त्या दिवशी पीठ तसलंच आलं होतं. जयाने आधी चक्कीवाल्याचा उद्धार केला, मग उकळतं पाणी ओतून पीठ उकडून घेतलं आणि परात शीतलकडे सरकवली.

"जोर लावून मळ गं. हाडं झिजायची नाहीत तुझी."

शीतल मळत होती, जया थापत होती. कांजूरमार्गच्या पूर्वेला, मिठागराच्या अंगाच्या त्या वस्तीत जयाच्या भाकरीला मान होता. स्टेशनजवळची खानावळ, बिगारी कामाचे गडी, मराठवाड्यातून येऊन चपातीला अजून न सरावलेले म्हातारे, सगळ्यांना जयाचीच भाकरी लागे. भादवा सरत आला होता. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि वारा फिरला की कचरा डेपोचा वास थेट तव्यावर येऊन बसत होता. नवरा रतन पहाटेच रिक्षा घेऊन बाहेर पडला होता.

शीतल कोण, असं कुणी विचारलं तर जया सांगे, परभणीची भाची आहे, तब्येत नाजूक असते, बाहेर निघत नाही. भाची कसली नि काय! ती जयाला सापडली होती गोडाऊनमध्ये.

डेपोच्या रस्त्याला जुनं प्लास्टिक धुऊन कापायचं एक गोडाऊन होतं. जया तिथे भाकऱ्या पोचवायची. दाराशी माणिक नावाचा राखणदार असे. तोच टोपली आत नेई आणि रिकामी करून आणून देई. एकदा त्याचं पोट बिघडलं आणि तो कण्हत म्हणाला, "वहिनी, तुम्हीच ठेवून या आत." आत डोळ्यांना झोंबणारा वास होता. गुडघाभर पाण्यात बायामाणसं, पोरंटोरं पिशव्या धूत उभी होती. हातांची कातडी उललेली. त्यातली एक पोरगी टोपली घ्यायला पुढे आली आणि हळूच म्हणाली, "ओ मावशी, हे कोन्तं गाव हाय?"

जया हसली. तिला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग तिने पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू जिरलं. पोरगी खरंच विचारत होती. टेम्पोत कोंबून आणलं, मोबाइल काढून घेतले, दाराला बाहेरून कुलूप घातलं. मुंबईत राहून तिला मुंबई ठाऊक नव्हती.

जया घरी आली ती अंगात ताप घेऊनच. कुणाला सांगावं तर जीव धोक्यात, न सांगावं तर भाकरी घशाखाली उतरेना. शेवटी विहारात वंदना झाल्यावर तिने दर्शनाताईच्या कानाशी तोंड नेलं. दर्शनाताई महिला मंडळाची अध्यक्ष, शिवणाचा क्लास चालवणारी, बोलली की पत्रे हलावेत असा आवाज. पण त्या वेळी तीही कुजबुजतच बोलली. बायकांनी एक संस्था गाठली, संस्थेने सरकारी माणसं आणली आणि थंडीतल्या एका सकाळी गोडाऊनचं कुलूप तुटलं. खबर कुणी दिली, ते मात्र बाहेर फुटलं नाही. जयानेही चारचौघांसारखी तोंडाला पदर लावून गंमत बघितली.

सुटलेली माणसं गावाकडे गेली. गोडाऊनचा मालक शेठ जामिनावर सुटला, माणिकही सुटला. ज्यांनी कोर्टात बोलायचं कबूल केलं होतं त्यांच्या गावी शेठची माणसं जाऊन आली आणि एकेकाने जबानी फिरवली. उरली एकटी शीतल. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. संस्थेच्या वसतिगृहात तिला झोप लागेना, म्हणून जयाने तिला आपल्या घरी आणलं होतं. येत्या सोमवारी तिची साक्ष होती, आणि ती उलटली किंवा नाहीशी झाली तर शेठ मोकळाच होता.

त्यात आता संस्थेने मंडळाचा सत्कार ठरवला होता. आजच्या काळातल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या व्यक्ती आणि संघटना, असं लांबलचक नाव होतं कार्यक्रमाचं. साक्ष झाल्यावर पुढच्या रविवारी, मुलुंडला. संस्थेच्या मॅडमनी शब्द दिला होता की नाव फक्त मंडळाचं घेतलं जाईल. कुणा बाईचं नाव नाही, फोटो नाही. जयाला बरं वाटलं होतं आणि रात्री जेवताना तिने ते रतनला सांगितलं होतं. तिथेच चुकलं.

भाकऱ्या फडक्यात बांधून जया निघाली. घरात कुणी नाही असं दिसावं म्हणून तिने रोजच्यासारखं दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

नाक्यावर गणपतीच्या स्वागताचे बॅनर अजून लोंबत होते. त्यांच्या वर, विजेच्या दोन खांबांना बांधलेला नवा कोरा फ्लेक्स होता आणि त्यावर सुपाएवढं जयाचं तोंड होतं.

"गुलामगिरीचा कर्दनकाळ! आमच्या जयावहिनी यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, रिक्षा स्टँड मित्रमंडळ." खाली गॉगल लावलेल्या रिक्षावाल्यांची रांग, आणि सगळ्यांत पुढे हात जोडून रतन.

फोटो बुद्धजयंतीला घरातच काढलेला होता. पांढरी साडी नेसलेली जया हसत होती आणि तिच्या खांद्यामागे खिरीची वाटी धरलेली शीतल होती. कापताना तिला काढायचं ठरलं असावं, पण एक डोळा, गाल आणि हनुवटीवरचा डाग तसाच राहून गेला होता.

"वहिनी, झकास आलाय ना?" स्टँडवरचा एक जण ओरडला. "पार्टी पाहिजे हां!"

जया हसली. काय करणार? हसावंच लागलं. येणारा-जाणारा आधी वर बघत होता, मग तिच्याकडे, आणि नाक्यावर आपण उघड्या पडलोय असं तिला वाटत होतं. भाकऱ्यांचं गाठोडं तिने छातीशी घट्ट धरलं. रतनची रिक्षा स्टँडला लागल्यावर ती सरळ त्याच्यापाशी गेली.

"काय केलंत हे तुम्ही?"

"का? आवडला नाय?" रतनचं तोंड फुललं होतं. "सगळ्या पोरांनी वर्गणी काढली. संस्थेवाले म्हणाले फोटो नको, तो त्यांचा कार्यक्रम. हा आपला नाका आहे ना?"

"मागे बघा. माझ्या मागे बघा."

रतनने वर बघितलं. त्याचं तोंड हळूहळू उतरलं. "अरे यार... मी कापायला सांगितलं होतं त्याला."

"उतरवा आधी. आत्ताच्या आत्ता."

"वाट लागली," रतन पुटपुटला आणि खांबावर चढला. खाली पोरं हसत होती. कुणी म्हणालं, वहिनींनी दम दिला वाटतं, कर्दनकाळच त्या! रतन दोऱ्या सोडत होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फ्लेक्स खाली आला, गुंडाळला गेला, पण फोटो सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. तो कोण कसा उतरवणार?

जया खानावळीत भाकऱ्या टाकून धावतच घरी आली. कुलूप काढताना किल्ली दोनदा हातून पडली.

"वर जा," ती शीतलला म्हणाली. "पोटमाळ्यावर. आवाज करू नको."

"काय झालं मावशी?"

"विचारू नको. जा म्हणते ना!"

शीतल वर गेली. जयाने शिडी काढून मोरीच्या भिंतीला लावली, वर धुणं टाकलं, आणि पुन्हा तव्यापुढे बसली. हाताला काम असलं म्हणजे भीती जरा लांब राहते, असा तिचा अनुभव होता. आज राहिना. गल्लीत कुणाची चप्पल वाजली तरी ती थापता थापता दाराकडे बघत होती.

दुपार कलली आणि दारात सावली पडली.

"जय भीम, वहिनी."

माणिक होता. तोच लुकडा माणूस, तोच निळसर शर्ट, तंबाखूने पिवळी पडलेली नखं. दार उघडंच होतं, ते आता लावता येणार नव्हतं.

"जय भीम," जया म्हणाली.

"भाकऱ्या पाहिजेत. दहा-बारा. गरम द्या, थांबतो मी."

तो उंबऱ्यावर बसला. दाराची वाट त्याने अडवून टाकली. जयाने गोळा घेतला आणि थापायला लागली. तळवा परातीवर पडत होता, पण भाकरी फिरत नव्हती. उचलली तशी मधोमध मोडली.

"हात थरथरतोय का?"

"पीठ जुनं आहे."

"असेल, असेल." माणिकने मोबाइल काढला. "फोटो छान आलाय तुमचा. कर्दनकाळ वगैरे. आम्हाला तर माहीतच नव्हतं. इतके दिवस तुमच्या हातची भाकरी खाल्ली."

मोडलेली भाकरी तिने पुन्हा गोळा केली. कपाळाचा घाम डोळ्यात उतरत होता आणि हात पिठाचे असल्यामुळे पुसता येत नव्हता.

"ही मागे कोण आहे?"

"भाची."

"ओळखीची वाटते. कुठंय?"

"गेली गावाला."

"परभणीला का? आमचं जाणं-येणं असतं तिकडं." त्याने मान वळवून खोलीभर बघितलं. परातीतल्या गोळ्यावर नजर थांबवली. "एवढं पीठ एकट्याच मळता?"

"सवय आहे."

वर पोटमाळ्यावर एक पोरगी पत्र्याच्या उन्हात भाजत पडली होती आणि तिचा श्वाससुद्धा खाली येत नव्हता. इतकं मुकाट पडून राहायला ही कुठे शिकली, असं जयाच्या मनात आलं आणि मग कुठे ते आठवलं. तिने कशाबशा भाकऱ्या उतरवल्या. निम्म्या करपल्या, दोन-तीन फाटल्या. आयुष्यात तिने असल्या भाकऱ्या कुणाच्या पदरात घातल्या नव्हत्या. माणिकने त्या न बघताच कागदात गुंडाळल्या.

"वहिनी, मी पगारी माणूस," उठताना तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच पडलेला होता. "शेठ म्हणाले, बघून ये. आलो. आता गल्लीच्या तोंडाशी बसतो. माझ्यावर राग नका धरू."

तो गेल्यावर जयाने पहिल्यांदा डोळे पुसले. पीठ डोळ्यात गेलं आणि ती तशीच आंधळ्यासारखी चाचपडत शिडीकडे गेली.

शीतल खाली उतरली तेव्हा तिचे कपडे घामाने अंगाला चिकटले होते. ओढणीचा बोळा तिने तोंडात धरलेला होता. तो काढायचंही तिला भान नव्हतं.

जयाने दर्शनाताईला फोन केला. ती मागच्या गल्लीतून आली आणि आल्या आल्या पोलीस चौकीला फोन लावून बसली. पलीकडचा माणूस म्हणाला, बाई, भाकऱ्या मागायला आला म्हणून कसली तक्रार घेणार? सोमवारी कोर्टात न्यायला माणूस मिळेल, ते ठरलंय.

"सोमवार उजाडेपर्यंत हिचं काय लोणचं घालू?" दर्शनाताई फोन ठेवून म्हणाली. मग आवाज खाली घेतला. "हे बघ जया. वर्षावास चालू आहे. रोज संध्याकाळी आपण बायका पांढऱ्या साड्या नेसून ग्रंथवाचनाला जातोच. दोन महिने सगळा नाका बघतोय, आता कुणी मान वर करत नाही. हिला साडी नेसव, पदर डोक्यावरून घे, पाऊस आहेच. विहारातून मागच्या दाराने माझ्या बहिणीकडे घाटकोपरला. ती कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जाईल, म्हणजे कुणाला कळणार नाही. सोमवारपर्यंत खोलीतून पाऊल बाहेर टाकायचं नाही."

"बरोबर," जया म्हणाली. "तेच बरोबर."

"मावशी," शीतल म्हणाली, "तितं बी बाहेरूनच कुलूप व्हतं."

जयाला आधी कळलंच नाही. "कुठे?"

"गोडाऊनला. आन् हितं बी हाय. आन् आता तितं बी."

"अगं, तुझ्या भल्यासाठी..."

"माणिकभाऊ बी तसंच म्हनायचा. मुंबई लई वाईट हाय, हरवशीला, तुज्या भल्यासाठीच लावतो म्हनायचा." शीतल रडत नव्हती. ती परातीकडे बघत होती. "तितं पिशव्या धूत व्हते. हितं पीठ मळते. आज तर तू शिडी बी काढलीस."

जयाला संताप आला. भीती जास्त झाली की तिला संतापच यायचा. "तुझ्यापायी आम्ही जीव मुठीत धरून बसलोय! खायला घालतो, नेसायला देतो, आणि वर हे ऐकून घ्यायचं?"

"खायला तिकडं बी घालत व्हते की. तुजीच भाकरी."

जया खाली बसली. मुलुंडला कुठल्या तरी मंचावर आपल्या मंडळाला शाल घालणार होते. आणि किल्ली अजून तिच्या ब्लाउजमध्ये होती, अंगाला टोचत होती. लाज म्हणजे काय ते तिला त्या क्षणी समजलं आणि तरीही भीती तसूभर कमी झाली नाही, हे त्यातलं वाईट.

"मग काय करायचं तुला?" तिने विचारलं. असं तिने शीतलला आजवर कधी विचारलं नव्हतं.

"विहारात यायचं. वाचन ऐकायचं. सोमवारी मी जानार, बोलनार बी. पर रोज संध्याकाळच्याला बाया जातात ते मी फटीतनं बघते. मला बी जायचंय."

घाटकोपरचं नाव पुन्हा निघालं नाही. संध्याकाळी गल्लीतून बायका निघाल्या. रोजच्यापेक्षा जास्तच निघाल्या, कारण दर्शनाताईने दारोदार निरोप दिला होता. गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्याही काठी टेकत आल्या. बारीक पाऊस होता. सगळ्यांचे पदर डोक्यावर. मधोमध जयाच्या दुसऱ्या पांढऱ्या साडीत शीतल होती आणि तिचं मनगट जयाने घट्ट धरलं होतं. पायाखाली चिखल की रस्ता, हेही जयाला समजत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी, नाक्यावरच्या पानाच्या टपरीला टेकून माणिक उभा होता. मोबाइल कानाला होता. पहिल्या बायका गेल्या, त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो सरळ झाला आणि रांगेच्या कडेकडेने चालत एकेक तोंड वाकून बघायला लागला.

"काय रे, बायकांच्या तोंडात काय बघतोस?" एक म्हातारी डाफरली. तो थांबला नाही. जयाजवळ आला. जयाला बघून मान हलवली आणि शेजारी वळला.

"पदर काढ गं."

जयाला ओरडायचं होतं. पण तिने नुसती मनगटावरची मूठ आणखी आवळली. शीतलने मोकळ्या हाताने आपला पदर आपणच मागे टाकला. तिचे दात वाजत होते, पण तिने तोंड खाली घातलं नाही.

"मीच हाय, माणिकभाऊ."

"शेठ," माणिक फोनवर म्हणाला, "इथंच आहे ती. नाक्यावर. माणसं पाठवा, मी..."

तेवढ्यात दर्शनाताईने त्रिशरण सुरू केलं. भर रस्त्यात, पावसात, पत्रे हलतील अशा आवाजात. तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं, हे तिने नंतर कबूल केलं. मागोमाग सगळ्या बायकांनी हात जोडले आणि आवाज मिळवला. रिक्षा स्टँडवर रतनने इंजिन बंद केलं, उतरला, चपला काढून उभा राहिला. त्याच्यामागे स्टँडवरची पोरं उतरली. टपरीवाल्याने रेडिओ बंद केला.

आणि माणिकचे हात जुळले. त्याने जोडले असं म्हणता येणार नाही. आईच्या कडेवर असल्यापासून हा आवाज कानावर पडला की जे हात जुळत आले होते, ते जुळले. मोबाइल दोन तळव्यांमध्ये सापडला आणि आतून कुणीतरी ओरडत राहिलं, हॅलो, हॅलो, माणिक, ऐकतोयस का? माणिकची मान खाली होती. ओठ हलत होते.

दर्शनाताई त्रिशरणावर थांबली नाही. तिने पंचशील धरलं आणि म्हणता म्हणता पाय उचलला. रांग पुढे सरकली. म्हाताऱ्या सरकल्या, जया सरकली, शीतल सरकली. माणिकच्या अगदी अंगावरून पांढऱ्या साड्या गेल्या. जयाने वळून बघितलं तेव्हा तो हात जोडून तसाच उभा होता, आणि त्याच्यासमोर रतन आणि स्टँडची पोरं गोळा झाली होती. तो मागे आला नाही. शेठची माणसं येतील की नाही, आली तर कधी, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

विहारात दिवे लागले होते. सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांनी ओल्या चपला काढल्या, पाय पुसले आणि मूर्तीपुढे उभ्या राहिल्या. जयाचं लक्ष दाराकडे होतं. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तिचा जीव खालीवर होत होता. सगळ्यांनी वंदनेला हात जोडले. जयाने जोडले नाहीत.

"मावशी," शीतल हळूच म्हणाली, "हात सोड की. मला बी हात जोडायचेत."

जयाने खाली बघितलं. शीतलचं मनगट अजून तिच्या मुठीत होतं आणि बोटांभोवतीची कातडी पांढरी पडली होती. घरापासून इथपर्यंत तिने ते क्षणभर सोडलं नव्हतं. बोटं उघडायला तिला वेळ लागला. गोडाऊनचं कुलूप तुटलं त्या सकाळीसुद्धा तिला एवढी भीती वाटली नव्हती.

शीतलने मनगट चोळलं आणि ती पुढे गेली. पहिल्या ओळीत, दिव्याखाली, जिथे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी बसली आणि तिने हात जोडले.

जया मागे, दाराशी बसली. दार सताड उघडं होतं. पावसाचे शिंतोडे आत येत होते आणि बाहेर अंधारात काय होतं ते दिसत नव्हतं. भीतीने तिला रडू येत होतं. दार लावून घ्यायला मात्र ती उठली नाही.